डब्लिनचा कोळसा: ११६ आणि २४३

हवेतला धूर मोजायची जुनी पद्धत आजच्या मानाने अगदीच घरगुती वाटेल. खिडकीबाहेर नळी काढायची, छोट्या पंपाने बाहेरची हवा आत ओढायची आणि ती पांढऱ्या गाळणकागदातून जाऊ द्यायची. चोवीस तासांनी कागद बदलायचा. उतरवलेल्या कागदावर एक गोल डाग असतो. कधी चहा सांडल्यासारखा फिका, कधी काजळ फासल्यासारखा. त्या डागावर प्रकाश टाकायचा, किती परत येतो ते बघायचं आणि घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम धूर होता ते कोष्टकावरून काढायचं. या मापाचं नाव ‘ब्लॅक स्मोक’. १९८०च्या दशकात आयर्लंडच्या राजधानीतले, डब्लिनमधले हे कागद हिवाळ्यात काळे होऊन निघत. १९९०च्या हिवाळ्यात ते एकदम फिके पडले.

‘एकदम’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. शहराची हवा सुधारलीच तर चोरपावलांनी, दहा-पंधरा वर्षं घेऊन सुधारते. तेवढ्या काळात लोकांचे पगार बदलतात, औषधं बदलतात, सिगारेटी सुटतात. मग माणसं कमी दगावू लागली ती नेमकी कशामुळे, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. डब्लिनमध्ये मात्र एक तारीखच हाताशी होती: १ सप्टेंबर १९९०. त्या दिवसापासून शहरात धुराच्या कोळशाची विक्री बंद झाली. प्रदूषणाच्या अभ्यासकांना अशी लख्ख तारीख क्वचित मिळते, म्हणून हे उदाहरण जगभर दिलं जातं. पण बऱ्याचदा त्याचा पहिला अर्धाच भाग सांगितला जातो. दुसरा २०१३ साली आला, आणि माझ्या मते खरी गंमत तिथे आहे.

आधी हा कोळसा घराघरांत शिरला कसा ते बघू.

आयर्लंडकडे स्वतःचं तेल नाही. १९७३ आणि १९७९ या दोन तेलसंकटांनी देशाचं कंबरडं मोडलं तेव्हा तेलावरचं अवलंबन कमी करायचं ठरलं. मोठ्या प्रमाणावर त्याचं उत्तर होतं मनीपॉइंट. शॅनन नदीच्या मुखाशी, क्लेअर परगण्यात, १९८०च्या दशकात ९१५ मेगावॅटचं कोळशाचं वीजकेंद्र उभं राहिलं. त्याची दोन धुराडी प्रत्येकी २१८ मीटर उंच. छोट्या प्रमाणावर हेच उत्तर घराघरांत शिरलं: तेलाचे हीटर महाग पडू लागले, लोक पुन्हा शेगडीकडे वळले आणि त्यात जळायला स्वस्त, सहज मिळणारा बिट्युमिनस, म्हणजे धुराचा कोळसा आला. तिथल्या बैठकीच्या खोलीत भिंतीत शेगडी असते आणि बऱ्याच घरांत तिच्या मागे पाण्याची टाकी बसवलेली असते. एकाच विस्तवावर खोलीही उबदार आणि आंघोळीचं पाणीही गरम. म्हणजे आपला बंबच, फक्त भिंतीत चिणलेला.

बंब ज्यांनी पेटवलाय त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. माझ्या आजोळी परसात तांब्याचा बंब होता. नवा कोळसा टाकला की पहिली दहा मिनिटं पिवळट, डोळ्यांना झोंबणारा धूर निघे आणि शेजारच्या काकू न बोलता खिडकी ओढून घेत. कोळसा लालभडक झाला की धूर बंद. मधल्या त्या दहा मिनिटांत कोळशातले उडून जाणारे घटक, म्हणजे डांबरासारखा चिकट भाग, अर्धवट जळून बाहेर पडत असतो. बिट्युमिनस कोळशात हा भाग भरपूर. अँथ्रासाइट या कठीण जातीच्या कोळशात तो मुळातच कमी असतो. ‘बिनधुराच्या’ विटा करताना तो बराचसा आधीच काढून टाकलेला असतो.

आता मनीपॉइंट आणि डब्लिनची शेगडी शेजारी ठेवून बघा. वीजकेंद्रात कोळशाची पूड करून ती प्रचंड तापमानाला जाळतात, त्यामुळे काजळी अगदी थोडी निघते. जे निघतं ते २१८ मीटरवर सोडलं जातं. गंधकाचा वायू दूर वाहत जातो आणि त्याचे कण होऊन भलत्याच मुलखात उतरतात, तेव्हा वीजकेंद्र निर्दोष आहे असं मुळीच नाही. पण घरच्या शेगडीत तोच कोळसा धुमसतो, त्याचा डांबरी धूर दुमजली घराच्या छपरावर सुटतो आणि थंड, वारा पडलेल्या रात्री तिथेच बसून राहतो. जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार, आणि मध्ये झाकण बसल्यासारखं. धूर किती निघाला यापेक्षा तो कुणाच्या नाकापर्यंत पोचला, हा हिशेब आरोग्याच्या दृष्टीने जास्त खरा. टनामागे बघितलं तर या हिशेबात शेगडी वीजकेंद्राला कुठल्या कुठे मागे टाकते. ऊर्जाखात्याच्या कागदावर मात्र दोन्हीकडचा टन एकाच रकान्यात पडतो.

१९८२च्या जानेवारीत डब्लिनमध्ये कडाक्याची थंडी पडली आणि धूर साचून राहिला. सेंट जेम्स रुग्णालयातले छातीचे डॉक्टर ल्यूक क्लॅन्सी यांना त्या दिवसांत रुग्णालयातले मृत्यू वाढल्याचं जाणवलं. त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने नोंदी काढल्या, धुराच्या आकड्यांशी ताडून बघितल्या आणि १९८४ मध्ये आयरिश वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला. एका रुग्णालयाच्या नोंदींवरचा निबंध म्हणजे पुराव्याच्या बाजारात चिल्लर. पण प्रश्न त्यातून उभा राहिला. युरोपीय समुदायाने १९८० साली धुराची मर्यादा घालून दिली होती, तीही डब्लिन ओलांडत होतं.

१९८७ मध्ये हवेच्या प्रदूषणाचा कायदा आला. त्यात तरतूद होती ती भागाभागाने जाण्याची. एखादी वस्ती ‘विशेष नियंत्रण क्षेत्र’ म्हणून जाहीर करायची आणि तिथल्या शेगड्या बदलायच्या. पश्चिमेकडची बॅलीफर्मट ही कामगारांची वस्ती सर्वाधिक धुरकट भागांपैकी एक. सुरुवात तिथून झाली. घर-घर जाऊन शेगडी तपासायची, बदलायची, पैसे द्यायचे. या गतीने शहर पुरं व्हायला किती हिवाळे लागले असते, हे सांगायला गणिती नको.

मेरी हार्नी १९८९ मध्ये पर्यावरणाच्या राज्यमंत्री झाल्या आणि त्यांनी हा घोळ एका फटक्यात सोडवला. शेगडीला हातच लावला नाही. बिट्युमिनस कोळशाची जाहिरात, विक्री आणि वाटप यांवर डब्लिनमध्ये बंदी घातली. जाळण्यावर बंदी नव्हती, हे लक्षात घ्या. लाखभर घरांत डोकावण्यापेक्षा मोजक्या व्यापाऱ्यांकडे बघणं सोपं. कोळसावाला तोच राहिला, गोणीतला माल बदलला. सरकारी इंधनभत्ता मिळणाऱ्या कुटुंबांना बिनधुराचं इंधन परवडावं म्हणून दर आठवड्याला थोडी जादा रक्कम मिळाली. किन्सेलच्या समुद्रातला नैसर्गिक वायूही तोवर नळाने डब्लिनला पोचला होता. पर्याय दारात असताना केलेली बंदी ही अशी चालते. (मुंबईत २०२५च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं तेव्हा मला हार्नीबाई आठवल्या. तिथे दोरी कोळसा विकणाऱ्याच्या गळ्यात होती, इथे पाववाल्याच्या. भट्टी मोडून नवी बांधायचा खर्च कुणाचा, यावर मग सगळी रडारड.)

पहिल्याच हिवाळ्यात गाळणकागद फिके पडले. बंदीआधीच्या ७२ महिन्यांशी नंतरच्या ७२ महिन्यांची तुलना केली तर धुराची सरासरी घनमीटरमागे ३५.६ मायक्रोग्रॅमने, म्हणजे ७० टक्क्यांनी घसरली होती. पर्यावरणाच्या कुठल्याही निर्णयाचं फळ इतकं रोख मिळाल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

पण कागद फिका पडला म्हणून माणसं वाचली, असं होत नाही. ते वेगळं दाखवावं लागतं आणि ते एकट्या डॉक्टरचं काम नाही. क्लॅन्सी छातीचे डॉक्टर. पॅट गुडमन पदार्थवैज्ञानिक, ज्यांना धुराचं माप कळत होतं. हॅमिश सिंक्लेअर सोबत होते. आणि हार्वर्डचे डग्लस डॉकरी. हे तेच डॉकरी, ज्यांनी १९९३ साली अमेरिकेतल्या सहा शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि सर्वांत मळक्या हवेच्या शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराच्या मानाने, वय-सिगारेट वगैरे सगळं वजा करूनही, २६ टक्के जास्त असल्याचं दाखवलं होतं. ते मळकं शहर म्हणजे पोलाद आणि कोळशाच्या पट्ट्यातलं स्टूबेनव्हिल. या चौघांनी डब्लिनचे १२ वर्षांचे मृत्युदाखले घेतले, अपघात आणि इजा बाजूला काढल्या, थंडी-उकाडा, श्वसनरोगांच्या साथी आणि उरलेल्या आयर्लंडमधला मृत्युदर यांचा हिशेब धरला आणि २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले.

श्वसनाच्या विकारांनी होणारे मृत्यू १५.५ टक्क्यांनी कमी. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे १०.३ टक्क्यांनी कमी. एकूण नैसर्गिक मृत्यू ५.७ टक्क्यांनी कमी. माणसांत मोजायचं तर वर्षाला ११६ श्वसनाचे आणि २४३ हृदयाचे मृत्यू टळले. सुमारे पाच लाख वस्तीच्या शहरात एका सरकारी आदेशाने वर्षाला साडेतीनशे माणसं वाचली, असा त्याचा अर्थ. हे आकडे जगभर फिरले. मीही ते अनेक वर्षं लोकांना ऐकवले आहेत.

शंका काढणारे होतेच. २००७ मध्ये क्लाउस विटमाक या जर्मन संशोधकाने एक खरमरीत निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बंदीआधीच्या काही हिवाळ्यांत साथी जोरात होत्या, त्यामुळे ‘आधीचे’ मृत्यू फुगलेले दिसतात. आणि मृत्युदर आधीपासूनच उतरत होता. उतारावरच्या दोन ठिकाणी काठी रोवली तर दुसरी खालीच दिसणार. त्याचं श्रेय मध्ये बसवलेल्या फाटकाला कसं देता?

अशा टीकेवर एरवी पत्रापत्री होते, दोन्ही बाजू आपापल्या जागी घट्ट बसतात आणि वाचक कंटाळून जातो. इथे वेगळं घडलं. त्याच मंडळींनी, म्हणजे डॉकरी, गुडमन, क्लॅन्सी आणि काही नवे संख्याशास्त्रज्ञ यांनी, सगळा हिशेब पुन्हा मांडायला घेतला. बोस्टनमधल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने त्याला पैसा दिला. या संस्थेचा साचा मुद्दाम सांगण्यासारखा आहे: १९८०पासून तिचा खर्च साधारण अर्धा अमेरिकेची पर्यावरण संस्था आणि अर्धा मोटार कंपन्या उचलतात. नियम करणारा आणि नियम सोसणारा एकाच खिशात हात घालतात, त्यामुळे निकाल कुणाच्याही बाजूने वाकवणं अवघड जातं.

दुसऱ्या खेपेला त्यांच्याकडे आणखी तारखा होत्या. बंदी १९९५ मध्ये कॉर्क शहरात लागू झाली होती आणि १९९८ मध्ये आर्कलो, ड्रॉहेडा, डंडॉक, लिमरिक, वेक्सफर्ड या पाच गावांत. म्हणजे एकाच प्रयोगाच्या तीन आवृत्त्या, वेगवेगळ्या वर्षी. शिवाय या वेळी ज्या परगण्यांत बंदी नव्हतीच तिथल्या मृत्यूंकडे त्यांनी नीट बघितलं. शाळेत नवे मास्तर आले त्या वर्षी पोरांची उंची दोन इंच वाढली, तर मास्तरांना हार घालण्याआधी शेजारच्या शाळेतली पोरं मोजून यावीत, एवढंच हे तर्कशास्त्र.

शेजारच्या शाळेतली पोरंही वाढली होती. बंदी नसलेल्या परगण्यांतही हृदयविकाराचे मृत्यू त्याच सुमारास, जवळपास तसेच उतरत होते. कारण शोधायला लांब जायला नको: १९८५ ते २००० या काळात संपूर्ण आयर्लंडमध्येच हृदयधमन्यांच्या विकारांचे मृत्यू ४७ टक्क्यांनी कमी झाले. लोकांनी सिगारेट कमी केली, रक्तदाबावर गोळ्या आल्या, हृदयाच्या झटक्यावरचे उपचार सुधारले. डब्लिन या उतारावरच होतं. त्या उताराचा सगळा जोर पहिल्या अभ्यासात पुरता वजा झाला नव्हता आणि उरलेला बंदीच्या खात्यावर जमा झाला. २०१३च्या अहवालाने ती नोंद खोडली. हृदयाचे मृत्यू बंदीमुळे कमी झाल्याचं दाखवता येत नाही, एकूण मृत्यूही नाही. २४३ गेले.

११६ मात्र टिकले. श्वसनाचे मृत्यू डब्लिनमध्ये १७ टक्के, कॉर्कमध्ये ९ आणि नंतरच्या पाच गावांत ३ टक्के कमी झाल्याचं दिसलं. धूर सगळीकडेच ४५ ते ७० टक्क्यांनी घटला होता. डब्लिनचा १७ हा आकडा आधीच्या १५.५च्या शेजारीच बसतो, हे विशेष. शेजारची शाळा मोजूनही ही उंची मास्तरांचीच निघाली.

इथे दोन चुकीचे अर्थ काढायचा मोह होतो आणि दोन्ही मी प्रत्यक्ष ऐकले आहेत. एका व्याख्यानानंतर एक निवृत्त अभियंता मला म्हणाले, “म्हणजे धुराने हृदयाला काही होत नाही तर!” तसं नाही. एका शहराच्या दाखल्यांतून हृदयावरचा परिणाम या पार्श्वभूमीवर वेगळा काढता आला नाही, इतकंच. जिथे हृदयाचे मृत्यू असेही झपाट्याने कमी होत आहेत तिथे त्यातला छोटा हिस्सा धुराचा होता की नव्हता, हे ओळखणं म्हणजे धबधब्याखाली नळ ठिबकतोय का ते ऐकणं. धुराचे बारीक कण रक्तवाहिन्यांना अपाय करतात याचा पुरावा इतर ठिकाणांहून भरपूर जमला आहे. दुसरा अर्थ चळवळीतल्या मित्रांचा: “हे दुसरं प्रकरण लोकांना सांगूच नकोस, कोळसा कंपन्यांना आयतं कोलीत मिळेल.” मला उलट वाटतं. मूळ लेखकांनी स्वतःचा मोठा आकडा स्वतः मागे घेतला, म्हणूनच उरलेल्या ११६वर विसंबता येतं. आणि दम्याने-खोकल्याने जाणारी, बहुधा म्हातारी, बहुधा बॅलीफर्मटसारख्या वस्तीतली ११६ माणसं दर वर्षी, हा आकडा लहान आहे असं कुणी म्हणणार असेल तर त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

क्लॅन्सी पुढे तंबाखूविरोधी कामात उतरले. २९ मार्च २००४ रोजी आयर्लंड हा कामाच्या सर्व ठिकाणी धूम्रपानबंदी करणारा जगातला पहिला देश ठरला, त्या मोहिमेतही ते होते. शेगडीपासून सिगारेटपर्यंत, माणूस एकाच धुराच्या मागे.

बंदी मात्र पुढे सरकताना अडखळत गेली. गावं एकेक करून यादीत आली. संपूर्ण देशभर धुराच्या कोळशाची विक्री थांबायला ३१ ऑक्टोबर २०२२ उजाडला, म्हणजे डब्लिननंतर ३२ वर्षं. आणि त्या वेळी भांडण कोळशावरून झालंच नाही, ते झालं टर्फवरून. टर्फ म्हणजे पीट: दलदलीत हजारो वर्षं साचलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. उन्हाळ्यात तो फावड्याने विटांसारखा कापतात, रचून वाळवतात आणि हिवाळाभर जाळतात. दिसायला आणि वासालाही आपल्या गोवरीचा लांबचा भाऊ. ग्रामीण आयर्लंडमध्ये दलदलीचा तुकडा कापायचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो, आपल्याकडे विहिरीच्या पाळीचा येतो तसा.

हरित पक्षाचे मंत्री एमन रायन यांना टर्फची विक्रीही बंद करायची होती. सरकारातल्याच लोकांनी कल्ला केला. त्यात उपपंतप्रधान लिओ वराडकरही होते. ज्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, ते हेच. ग्रामीण माणसाला टर्फ सोड म्हणणं म्हणजे इटालियनाला पास्ता आणि फ्रेंचाला वाइन सोड म्हणण्यासारखं आहे, अशा अर्थाचं ते पक्षाच्या बैठकीत बोलल्याच्या बातम्या आल्या. मालवणी माणसाला मासे सोड म्हणण्यासारखं, असं ते म्हणाले असते तर वराडात जास्त पोचलं असतं. शेवटी तडजोड झाली: दुकानांतून आणि इंटरनेटवरून टर्फ विकायचा नाही, ज्याला कापायचा हक्क आहे त्याने तो कापावा, शेजाऱ्याला द्यावा.

आता हे किरकोळ वाटतं, पण २०१८ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात डब्लिनच्या हवेवरचा एक निबंध आला. या वेळी गाळणकागद नव्हते. कणांची रासायनिक घडण जागच्या जागी ओळखणारी यंत्रं होती, त्यामुळे डाग किती काळा यावर न थांबता तो कशाचा हेही कळत होतं. वाईट संध्याकाळी सर्वांत बारीक कणांपैकी ७० टक्क्यांपर्यंत वाटा पीट आणि लाकडाचा निघाला. मुख्य इंधन म्हणून ते वापरणारी घरं तिथे मोजकीच. त्यातलं लाकूड तर हवामानबदलाच्या हिशेबात ‘हिरवं’ इंधन, झाड पुन्हा वाढतं म्हणून. १९७९ नंतर तेल वाचवण्यासाठी कोळसा आणला होता. आता कार्बन वाचवण्यासाठी ओंडका आणला. ऊर्जेचं खातं एक हिशेब मांडतं, हवेचं खातं दुसरा, आणि दवाखान्याचा तिसरा हिशेब सहसा दोघांच्याही टेबलावर नसतो.

२०२५च्या जूनमध्ये मनीपॉइंटने कोळसा जाळणं थांबवलं आणि आयर्लंडची कोळशाची वीज संपली. केंद्र आता फक्त अडीनडीला, जड तेलावर चालवायला राखून ठेवलं आहे. त्याच्या २१८ मीटरच्या धुराड्यांचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत झळकले. एन्निस्कॉर्थीसारख्या लहान गावांत आता हवा मोजायची यंत्रं आहेत. तिथला हिवाळ्यातला आलेख दुपारभर तळाशी पडून असतो. संध्याकाळी माणसं कामावरून घरी येतात, शेगडी पेटवतात, आणि रेघ सरळ वर जाते.